मसणाचा सांगावा

"तू जा त्या म्हातारीकडे. तुम्हां लोकांचं त्यांच्याशी बरं जमेल."

डॉक्टरकाका असं म्हणाले आणि त्यांनी चिवड्याची वाटी पुढे केली. भर मीटिंगमध्ये. अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या त्यांच्या घराचं बेसमेंट, आणि आमच्या सोसायटीतली सगळी मराठी माणसं गोल करून बसलेली. काका सोसायटीचे प्रेसिडेंट. हृदयाचे डॉक्टर होते, आता रिटायर्ड. 'त्यांच्याशी' म्हणजे काळ्या लोकांशी. आणि 'तुम्हां लोकांचं' म्हणजे? सगळ्यांना कळलं होतं. एकाने फोन काढला, एकीने ओढणी सारखी केली. नवऱ्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. गप्प बस, असा.

काकू जिन्यावरून म्हणाल्या, "आणि तिकडून थेट इकडे नको हं येऊस. घरी जाऊन डोक्यावरून पाणी घे, मग ये. संध्याकाळी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे, सवाष्णी यायच्यात."

मी म्हटलं, "हो काकू."

बघा. हे माझं तोंड. ऑफिसात गोऱ्या बॉसला फाडकन उत्तर देणारं. इथे म्हणालं, हो काकू.

भानगड काय होती ते सांगते. आमची सोसायटी पूर्वी तंबाखूचं शेत होती. रस्ता संपतो तिथे देवदारासारख्या झाडांचा एक पुंजका आहे. खाली गवतात निळी फुलं, आपल्या सदाफुलीसारखी, आणि अधूनमधून उभे केलेले दगड. बिल्डरने तेवढा तुकडा तसाच सोडला होता. आमच्या लोकांना वाटलं, रॉक गार्डन आहे. काय छान, काय नॅचरल! आम्ही तिथे कोजागरी केली. त्याच दगडांवर बसून मसाला दूध प्यायलो, अंताक्षरी खेळलो. फोटोसुद्धा आहेत.

मग एका रविवारी एक काळी म्हातारी आली. हातात कातरी, काखेत घडीची खुर्ची. गवत कापता कापता काकूंना म्हणाली, तुम्ही बसलात तिथे माझ्या आजीचे आजोबा झोपलेत.

काकू अशा उठल्या की विचारू नका.

त्यानंतर घरोघर उदकशांत झाली. काकांची बायपास, सुनेचं पोटातलं बाळ गेलं ते, कुणाचा जॉब गेला तो, सगळं त्या दगडांच्या माथी मारलं. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर एक वास्तुवाला बघितला. तो म्हणाला, दक्षिणेला मसण आहे, हलवा. तिथेच गणपतीसाठी कायमचा मंडप बांधायचा ठरलं. कबर हलवायची तर वारसाची संमती हवी. म्हणजे त्या म्हातारीला कुणीतरी जाऊन सांगायला हवं, की बाई, तुमचं माणूस आता इथून उचला.

ते कुणीतरी म्हणजे मी.

आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा काका-काकू पेढे घेऊन आले होते. हॉलमध्ये निळ्या कोटातल्या, हातात घटना घेतलेल्या आमच्या बापाचा फोटो आहे, मोठा. काका त्याच्यासमोर उभे राहिले, म्हणाले, "अच्छा. अच्छा अच्छा." पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला आणि चहा न घेता गेले. त्यानंतर कुणी वाईट वागलं नाही. सगळे गोड. मला फक्त नैवेद्याचं काही करायला सांगायचे नाहीत. खुर्च्या लावायला सांगायचे.

आणि मी लावायचे. कारण काकांचा मुलगा माझ्या नवऱ्याचा मॅनेजर. नवऱ्याचा व्हिसा, ग्रीन कार्डची रांग, सगळं त्या एका माणसाच्या सहीवर लटकलेलं. नवरा म्हणायचा, "कार्ड हातात येऊ दे यार, मग बघू." मी तोंडाला कुलूप लावलं होतं.

पण मसण मला नवं नाही. आमच्या गावात वरच्या आळीत कुणी मेलं की आमच्या दारात माणूस यायचा. आत नाही, दारात. "मयत झालंय, नीघ." माझा बाबा जेवत असला तर ताट सरकवून उठायचा. लाकडं वाहायची, खड्डा असेल तर खणायचा, आणि गावोगाव पायी जाऊन सोयऱ्यांना मयताचा सांगावा द्यायचा. उन्हात, चिखलात. सांगावा ऐकून लोक रडायचे आणि बाबाला लांब उभं करायचे. भाकरी वरून टाकायचे.

माझी आजी गेली त्याच दिवशी पाटलांचा म्हातारा गेला. आजी घरात, अंगावर चादर. बाबा तिच्या पायाशी बसलेला. दारात माणूस आला. बाबा उठला. मी त्याचा सदरा धरला होता, त्याने माझी बोटं सोडवली. आधी पाटलाची लाकडं, मग चार गावांचे सांगावे, आणि दिवस मावळायला आला तेव्हा स्वतःची आई. तोवर आजीच्या तोंडावर माश्या बसत होत्या. मी वहीच्या पुठ्ठ्याने वारत बसले होते. बाबाने त्यानंतर मला एकच सांगितलं, "शिक आणि इथून नीघ."

निघाले की. एवढी लांब आले.

तर मीटिंगच्या त्या रविवारी मी बेसमेंटमधून उठले आणि रस्त्याच्या टोकाला गेले. लांबूनच दिसलं, झाडांच्या बुंध्यांना कुणीतरी नारिंगी फिती बांधल्या होत्या. जमिनीत छोट्या छोट्या झेंड्या खोचलेल्या. म्हणजे मोजणी झालीसुद्धा. संमती मागायला मी आत्ता चालले होते, आणि मापं आधीच घेऊन झाली होती.

म्हातारी दर रविवारी यायची तशी येऊन खुर्चीत बसली होती. नाव मिस अडेल. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली बाई. आवाज खणखणीत. त्या इंग्रजीत बोलल्या, मी माझ्या भाषेत सांगते.

"बस बाळ. त्या दगडावर नको, गवतावर बस."

मी बसले. फिती कुणी बांधल्या ते त्यांनी विचारलं नाही. दगडाबद्दल सांगू लागल्या. त्याचं नाव आयझॅक. याच शेतावरचा गुलाम. गुलामी राहावी की जावी यावरून हा देश आपसात लढला, तेव्हा तो इथून पळाला आणि सोडवायला आलेल्या फौजेत भरती झाला. त्याच्या आधी त्याच्या अंगावर स्वतःचा म्हणून कपडा कधी नव्हता. फौजेने त्याला निळा कोट दिला.

निळा कोट म्हटल्यावर मी मान वर केली. त्यांना वाटलं ऊन लागतंय, त्यांनी आपली टोपी काढून मला दिली.

लढाई संपत आलेली असताना तो गोळी लागून मेला. बायकोने बैलगाडी मिळवली आणि त्याला इथे आणलं. ज्या मालकाकडून पळाला त्याच्याच बांधावर. का? तर तिची दोन लेकरं आधीच इथे पुरलेली होती. नवऱ्याला लेकरांजवळ ठेवायचं होतं तिला. कोट अंगावर ठेवूनच त्याला पुरलं. दगड तिने स्वतः ओढत आणून उभा केला. लिहिता येत नव्हतं, म्हणून दगड कोरा. पुढे तिने लोकांची धुणी धुऊन बाकीची मुलं वाढवली आणि दर वसंतात इथे येत राहिली. ती गेल्यावर मुलगी. मुलीनंतर तिची मुलगी, मग तिचीही मुलगी. आता मिस अडेल.

"आता तू सांग," त्या म्हणाल्या. "काहीतरी सांगायला आलीयस ना?"

मी सांगितलं. मंडप, संमती, दुसरीकडे चांगली जागा, खर्च सोसायटीचा. सगळं काकांनी पढवलं तसं. माझ्याच कानाला माझा आवाज चमत्कारिक लागत होता.

"तुला कुणी पाठवलं?"

"सोसायटीने."

"ते स्वतः का नाही आले?"

मी गवताचं पातं उपटून बोटाला गुंडाळू लागले.

"आयझॅक मेल्याची बातमी त्याच्या बायकोला द्यायची होती," त्या म्हणाल्या, "तेव्हा मालकिणीने आपला माणूस नाही पाठवला. आमच्यातलाच एक पाठवला. लेकरं विकली तेव्हाही सांगायला आमच्यातलाच. नेहमी आमच्यातलाच कुणीतरी पाठवतात." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तू त्यांच्यातली दिसतेस. पण तुला पाठवलंय. म्हणजे नाहीस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्यावर नाही. बाबाचा सदरा आठवला. शिकले, परीक्षा दिल्या, विमानात बसले, इथे कर्जावर घर घेतलं, आणि करतेय काय? मसणाचा सांगावा नेतेय. वरच्या आळीने सांगितलं, मी उठले. ताट सरकवून उठले!

मी टोपी परत दिली आणि म्हटलं, "मिस अडेल, हो म्हणू नका. कुणीही आलं तरी म्हणू नका." झाडांच्या फिती मी हाताने सोडल्या. झेंड्या उपटल्या. नखांत माती गेली.

अंघोळ केली नाही. थेट काकांच्या घरी गेले. हॉलमध्ये गौर मांडलेली, पैठण्या, मोगरा, आंब्याची डाळ, पन्हं. काकूंनी माझे हात बघितले आणि मागे सरकल्या.

"अगं, सांगितलं होतं ना तुला!"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. फिती आणि झेंड्या त्यांच्या चकचकीत टेबलावर ठेवल्या. "काका, माझ्या बाबाने तुमच्यासारख्यांचे सांगावे आयुष्यभर नेले. मी नेणार नाही. त्या बाईला काय सांगायचं ते स्वतः जाऊन सांगा."

"कमाल आहे! इथे जात कुणी काढली?" काका म्हणाले. हसले नाहीत. मग हळू आवाजात, "चिडू नकोस. नवऱ्याचं एक्स्टेन्शन कधी आहे गं?"

बायका पन्ह्याकडे बघत होत्या. मी तशीच बाहेर पडले.

त्याला महिना होत आला. व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला काढलं. समोरच्या ताई गाडी रिव्हर्स घेताना काच वर करतात. नवऱ्याला मॅनेजरने सांगितलंय, तुझ्या पेपर्सचं आपण नंतर बघू. नवरा रात्रंदिवस घरात येरझाऱ्या घालतो. "तुला काय गरज होती?" एवढंच म्हणतो. त्याचा राग येत नाही मला. त्याची भीती खरी आहे. सोमवारी रस्त्याच्या टोकाला एक पिवळं खोदायचं यंत्र आणून उभं केलंय. चालवायला कुणी नाही. नुसतं उभं आहे, दात खाली करून.

आणि काकांनी नवी चाल केलीय. काउंटीकडे, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीत, अर्ज टाकलाय की ही कबर बेवारस आहे. कुणी वारस सापडत नाही. मिस अडेलकडे कागद नाही. कुठून असणार? गुलामाची नोंद मालकाच्या जनावरांबरोबर व्हायची. काकांचा वकील म्हणतो, ही बाई कुणीही असू शकते.

सुनावणी गुरुवारी आहे. नवरा काल माझ्यासमोर हात जोडून बसला. मी त्याला सांगितलं, सामान बांधावं लागलं तर बांधू. व्हिसा गेला तर गेला. बाबाने मला शिक म्हटलं होतं, वाक म्हटलं नव्हतं.

मी जाणार आहे. माइकसमोर उभी राहणार, स्वतःचं नाव सांगणार, आडनावासकट. मग म्हणणार, ही कबर बेवारस नाही. वारस समोर बसलीय, आणि या लोकांना ते पक्कं माहीत आहे. कारण संमती मागायला त्यांनीच तिच्याकडे माणूस पाठवला होता. तो माणूस मी. आणि एवढ्या सगळ्यांत मलाच का पाठवलं, तेही तिथेच सांगणार.