रस्त्यात गेलेला ओटा

पिंपरीच्या कारखान्यात नोकरीला निघालो, त्या दिवशी वडील, आमचे दादा, स्टेशनावर आले नाहीत. शिलाई मशीन सोडून ते ओट्यावरचा रांजण भरत होते. "पिऊन जा रे, गाडीत पाणी मिळन न्हाई मिळन," एवढंच म्हणाले. मी ओट्यावर उभ्यानंच प्यायलो आणि निघालो. तो ओटा पुन्हा दिसणार नाही, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

जुन्या जालन्यातली आपली बाजारगल्ली तुम्हाला आठवत असेल. दगडी ओटे, सागवानी खांब, फळ्या लावून बंद होणारी दुकानं. धम्म घेतल्यावर काही वर्षांनी दादांनी तिथं घर घेतलं आणि गल्लीच्या रीतीप्रमाणे ओट्यावर रांजण ठेवला. पहिला उन्हाळा त्यातलं पाणी कोणी तोंडाला लावलं नाही. दादा संध्याकाळी ते परसातल्या लिंबाला ओतायचे, सकाळी पुन्हा भरायचे. मग एका भर दुपारी समोरचे कापडवाले शेठजी आले नि गटागटा प्यायले. हळूहळू सगळेच पिऊ लागले. माझ्या बापाची खरी कमाई ती.

मी गेलो त्याच वर्षी रस्ता रुंद करायचं निघालं. ओट्याओट्यावर चुन्याच्या खुणा पडल्या. दिवाळीला आलो तर बाकीचे ओटे जागेवर, फक्त आमचाच नाही. दादांनी आपणहून मजूर लावून पाडला होता.

"गल्लीचं भलं होऊन राह्यलं, मंग आपण कायला मागं राहायचं? कायदा सगळ्याला बराबर."

शेठजींनी म्हणे दादांना हारसुद्धा घातला, "मास्तर, तुमच्यासारखं मन न्हाई कोणाचं." आणि मग कोर्टातून आपल्या ओट्यापुरती मनाई आणली. बाकीच्यांनीही आणली. प्यायल्या पाण्याला एकजण जागला नाही. रस्ता होता तेवढाच राहिला.

आता आमच्या ओट्याच्या जागी शेठजींच्या कापडाच्या गाठींची बैलगाडी सोडलेली असते. दादा मशीन चालवत राहतात. मी त्यावरून बोलतो, तर आई म्हणते, "जाऊ दे, तू दोन दिसाचा पाहुणा."

पिंपरीत मला चाळीतली खोली आहे, नळ आहे. तरी घर म्हटलं की तो ओटाच डोळ्यांपुढे येतो, आणि त्या जागेवर तर बैल बांधलेत. रांजण दादांनी दाराच्या आत ठेवलाय. रोज भरतात. आता पाणी प्यायचं तर आमचा उंबरा ओलांडावा लागतो. कोणी येत नाही. संध्याकाळी दादा पुन्हा ते लिंबाला ओततात.