मी थांबलो तरी चढत गेलेला सूर

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच यायचा. या ग्रुपवरचे 'वडाखाली पांढरी साडी दिसली' छापाचे अनुभव वाचून मला लिहिणाऱ्यांची कीव वाटायची. आमच्या जतकडे असल्याच खुळापायी माणसं तापाने फणफणलेलं पोर आधी देवऋष्याकडे नेतात, मी पाहिलंय. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला, त्यामुळे ही चीड जरा जास्तच असेल... आज मीच लिहायला बसलोय. हसायचं तर हसा. मीही हसलो असतो.

मागच्या वर्षी मी इंग्लंडमधल्या रीडिंग गावी राहून जिओफिजिक्समध्ये मास्टर्स करत होतो. कोर्सचा भाग म्हणून उन्हाळ्यात एका सर्व्हे क्रूबरोबर काम करायचं होतं. क्रूच्या प्रमुखाने 'काम समाधानकारक' म्हणून सही केली तरच डिग्री, नाहीतर हात हलवत जतला परत.

साइट केंटच्या किनाऱ्यावर होती. नजर जाईल तिथपर्यंत नुसते गोटे. झाड नाही, कुंपण नाही. लोक त्याला इंग्लंडचं वाळवंट म्हणतात. तिथून विजेची केबल जाणार होती, म्हणून आधी महायुद्धातले न फुटलेले बॉम्ब खाली राहिलेत का ते पाहायचं. काम सोपं आहे. डावी-उजवीकडे एकेक सेन्सर लावलेली फायबरची चौकट खांद्यावर घेऊन सरळ रेषेत चालायचं. लोखंड जवळ आलं की हेडफोनमधला सूर चढतो. म्हणून चालणाऱ्याच्या अंगावर लोखंडाचा कणही चालत नाही... बेल्ट नाही, किल्ल्या नाहीत, झिपसुद्धा नाही.

आमचा प्रमुख निखिल, जन्म लंडनमधल्या हॅरोचा, मराठी घरातल्यापुरतं. पहिल्याच दिवशी मी 'सर' म्हणालो तर म्हणाला, "मी काय तुझा हेडमास्टर आहे? निखिल बोल."

त्या दिवशी सकाळभर मी चाललो आणि सगळा डेटा खराब निघाला.

"टोटल रबिश," निखिल स्क्रीनकडे बघत म्हणाला. "काय घातलाय तू?"

"काहीच नाही हो."

व्हॅनमध्ये त्याने माझ्या अंगावरून हातातला डिटेक्टर फिरवला. कमरेशी तो वाजला. सकाळच्या गार वाऱ्यासाठी आत घातलेल्या थर्मलच्या नेफ्यात मोडक्या दाभणाचं टोक शिवलेलं होतं.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आई ब्लाउज शिवते, टाका ओळखीचाच होता. आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतात, हळद लागलेल्या नवऱ्याच्या हातात अडकित्ता देतात. लोखंड जवळ असलं की बाहेरचं काही लागत नाही म्हणे. हे मी त्याला समजावून सांगितलं... चूकच झाली.

"म्हणजे तुझा आई तुला भूतपासून वाचवते, आणि माझा पूर्ण सकाळ गेला?" मग त्याने हे इंग्रजीत डेव्हला सांगितलं. डेव्ह आमच्या रेषांवर खुणेचे झेंडे रोवणारा. तो हसून हसून खोकायला लागला. "अजून काय आणलाय?" निखिलने मला विचारलं. "लिंबू? मिरची? सो मच फॉर एज्युकेशन, मेट."

दुपारी मी आईला फोन केला. "आई, इथे माझी डिग्री अडकलीय आणि तू हे काय केलंस?"

"एवढ्याशा दाभणानं बिघडतं होय तुझं मशीन? मग मशीनच कच्चं आहे," आई म्हणाली.

मी डेव्हची ट्रॅकपँट घातली आणि पुन्हा सुरुवात केली. आता डेटा स्वच्छ येत होता. लख्ख ऊन होतं. समुद्राच्या बाजूच्या पट्ट्यात सूर चढायला लागला. बॉम्ब असेल म्हणून मी नियमाप्रमाणे जागीच थांबलो.

इथे एक समजून घ्या. जमिनीतलं लोखंड चालत नाही. तुम्ही थांबलात की सूरही आहे तिथेच थांबतो.

सूर चढतच राहिला. आधी डाव्या सेन्सरवर, मग दोन्हींवर. काहीतरी सावकाश माझ्याकडे येत होतं. माझ्या खांद्यापाशी येऊन ते थांबलं. मी चार पावलं टाकली, ते बरोबर आलं. मी थांबलो, तेही थांबलं. त्या गोट्यांवर सीगल उतरला तरी खडखडतं. तिथे एक गोटा हलला नाही. डावीकडे फक्त ऊन.

रामरक्षा वगैरे काही म्हटली नाही. मला येतही नाही. मशीन बंद करून मी व्हॅनकडे आलो.

निखिलने डेटा पाहिला. "आता काय आहे, मंगळसूत्र?" पुन्हा डिटेक्टर फिरवला. तो वाजला नाही. "तू उभा आहेस आणि रीडिंग वाढला. लोखंड चालतो का? तुझाच काहीतरी आहे. मी सही नाही करणार, सॉरी." मग चौकट स्वतःच्या खांद्यावर घेत म्हणाला, "बघ. असं चालतात."

तो ताठ चालत गेला. त्याच पट्ट्यात थांबला. डावीकडे बघितलं. आणि मग तो एक पाऊल उजवीकडे सरकला... गर्दीत आपण कुणाला वाट द्यायला सरकतो ना, तसा. तिथून लांबचा वळसा घालून परत आला. डेव्हने काहीतरी विनोद केला, पण निखिल हसला नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"वारा."

"वाऱ्याने सूर चढतो?"

"तुला सही पाहिजे ना? मग वारा."

त्याने सही केली. मी ती घेतली.

नंतर मी सगळं तपासलं. जुने रूळ, जवळून गेलेलं जहाज, मशीनमधला दोष, सौरवादळ. एकही बसत नाही. आणि 'आईची पुण्याई' असल्या कमेंट कृपा करून टाकू नका. भुतं लोखंडाला भितात ना? जे आलं ते स्वतःच लोखंड होतं. म्हणजे तीही थिअरी नापास.

व्हायवामध्ये परीक्षक बाईंनी नेमक्या त्याच रीडिंगवर बोट ठेवलं. 'वारा' अगदी ओठांवर होता. पण तो शब्द ऐकून मीच समोरच्याला मूर्ख ठरवलं असतं. मी म्हणालो, "मला माहीत नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मी देवऋष्याच्या गिऱ्हाइकांकडे पाहायचो तसं. मार्क कापले, पण डिग्री मिळाली.

त्या संध्याकाळी निखिलचा फोन आला.

"काय बोललास त्यांना?"

"माहीत नाही म्हणालो."

"इडियट." मग त्याने आवाज खाली आणला. "ऐक. तू परत आलास व्हॅनकडे, तेव्हा तो लोखंड कुठे थांबला?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मी मशीन बंद करून परत आलो होतो. निखिलही तसाच. ते थांबलं की बरोबर आलं, हे सांगायला सूरच चालू नव्हता.