आपल्या मालकीचा फोन

नवा फोन घरात आला त्याच दिवशी नवऱ्याने तो ‘रूट’ केला. म्हणजे कंपनीने घातलेली कुलपं तोडून सगळा ताबा स्वतःकडे घेतला. नको ती अ‍ॅप्स उडवली आणि आपल्या गोष्टींची प्रत बाहेर कुठेही साठणार नाही अशी व्यवस्था केली. “आता खरे मालक आपण,” म्हणाला. फोन माझा, पण मालकी मिरवायची हौस त्याची.

वर्षभराने आईच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. मग शस्त्रक्रियेपर्यंत मी आमच्या समा भागातल्या घरात फोनवर तिचा आवाज टिपत तिच्या मागेमागे हिंडले. सुरळीच्या वड्यांचं पीठ ताटावर कसं पसरायचं, मला हाका मारून कामाला जुंपणं, शेजारणीशी तिचं मोडकंतोडकं गुजराती, सगळं त्यात होतं. दुसरीकडे कुठेच नव्हतं.

नवरा नंदेसरीला केमिकलच्या कारखान्यात कंट्रोल पॅनेलवर बसतो. तिथे पाळीभर अलार्म कोकलत असतात. आधी बटण दाबून आवाज बंद करायचा, मग काय झालंय ते बघायचं. आई शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात असताना माझ्या फोनवर अपडेटची सूचना आली. रूट केलेल्या फोनवर अपडेट घ्यायचं नसतं, हे मला बजावणारा तोच शहाणा. फोन सारखा वाजतोय म्हणून त्याने सवयीने ‘ओके’ दाबलं.

तेव्हापासून पडद्यावर कंपनीचं चिन्ह येतं, विझतं, पुन्हा येतं. लहरीपुऱ्यातल्या दुकानदाराने फोन उलटसुलट करून पाहिला. “बेन, चालू तो करी आपुं, पण अंदरनुं बधुं जशे.” आतलं सगळं पुसल्याशिवाय फोन उघडणार नव्हता. मी तो त्याच्या हातातून ओढून घेतला आणि भर बाजारात नवऱ्यावर ओरडले. घरी ओरडता येत नाही, आई ऐकते.

पुसायला हात धजत नाही आणि न पुसता काही मिळत नाही. नवऱ्याला माफ करावंसंही वाटत नाही.

आई कानाला हात लावून खूण करते, लाव की, ऐकू दे मला. मी म्हणते, चार्जिंगला लावलाय. काल तिने स्वतःच फोन उचलला. चिन्ह आलं, गेलं, परत आलं. मग माझ्याकडे वळून तिने ओठ हलवले.

“काय म्हणालीस?” मी विचारलं.

तिने पुन्हा ओठ हलवले, सावकाश, मला कळावं म्हणून. मला एक शब्दही कळला नाही.