उशीवरचा तेलाचा डाग

किल्लीकाकांनी आयुष्यभर लोकांची कुलपं उघडली, पण स्वतःच्या घरात साबण कुठे ठेवलेला असतो हे त्यांना बायको गेल्यावर कळलं. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं किल्ल्या बनवायचं चिंचोळं दुकान. कपड्यांवर कायम लोखंडाचा कीस आणि ग्रीस. ते कपडे संध्याकाळी काढून टाकायचे आणि सकाळी घडी केलेले अंगात चढवायचे. मधल्या वेळात त्यांचं काय होतं, हा विचार कधी त्यांच्या डोक्याला शिवला नव्हता.

लेक इस्पितळात नर्स. सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. "धुण्याचं मी बघतो, तू काळजी करू नकोस," काका तोऱ्यात म्हणाले आणि पहिल्याच फटक्यात तिचे पांढरे गणवेश लाल टॉवेलबरोबर भिजवून गुलाबी करून बसले. मग लोकरीचा स्वेटर उकळत्या पाण्यात घातला, तो बाहुलीच्या मापाचा झाला. एकदा गणवेशाच्या बाहीला रक्त लागलं होतं, तेही त्यांनी गरम पाण्यात बुडवलं.

लेकीनं कपाळाला हात लावला. "अहो बाबा, रक्ताला गार पाणी लागतं. गरम पाण्यात ते शिजतं आणि कापडात बसतं ते कायमचं."

"शिजतं?" काका म्हणाले. त्या दिवशी त्यांना घास गिळवला नाही.

पण गडी चिवट. विचारून, चुकून, हात पोळून शिकले. तेलकट डागावर आधी अंगाला लावायची पावडर भुरभुरायची, तिला तेल पिऊ द्यायचं, मग भांड्यांचा साबण चोळायचा. डाग पुरता गेल्याशिवाय कापड उन्हात टाकायचं नाही.

म्हणूनच बायकोच्या उशीवर डाग दिसला तेव्हा ते डगमगले नाहीत. पलंगाची तिची बाजू तशीच होती. फक्त अभ्रा नवा घातलेला. त्यावर मधोमध ताटलीएवढा पिवळसर गोल. वास बदामाच्या तेलाचा. ती तेच लावायची. आतल्या कापसात मुरलेलं वर आलं असेल, असं म्हणून काकांनी उशीतला कापूस बदलून घेतला, अभ्रा स्वच्छ धुऊन घातला.

डाग पुन्हा आला.

"पोरी, आईच्या उशीवर पडतेस का गं अधूनमधून?"

"मी?" लेकीनं आपल्या बारीक कापलेल्या केसांतून हात फिरवला. "मी कधी तेल लावते का? मला वाटलं तुम्हीच तिचं तेल लावून झोपताय."

"कुठे लावू?" काकांनी टकलावर टिचकी मारली. दोघं हसली, पण हसू लवकरच आटलं.

पुढच्या खेपेला उशीला खळगा होता. डोकं टेकून नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा. काकांनी तळहात ठेवला. उशी कोमट लागली. अभ्र्याला एक लांब केस चिकटला होता, पांढरा. त्यांनी अभ्रा काढला आणि धुवायला घेतला. दुसरं काय करणार? हाताला काम असलं की मन थोडं थाऱ्यावर राहतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोलीला आपल्या हातचं कुलूप घातलं आणि एकुलती एक किल्ली कमरेला लावून दुकान गाठलं. संध्याकाळी परतल्यावर भिंग लावून कुलूप तपासलं. तारेचा ओरखडा नाही, की कशाची खूण नाही. या कुलपाला कुणी हात लावलेला नाही, हे ते छातीवर हात ठेवून सांगू शकत होते. आत गेले. डाग ओला होता. त्यावरचा केस या वेळी करडा होता.

लेक दाराशीच थांबली. "बाबा, आई गेली तेव्हा तिचे सगळे केस पिकलेले होते."

काकांनी ती उशी तशीच ट्रंकेत कोंबली आणि झाकण लावलं.

मग काही दिवस सगळं निवांत गेलं. लेकीच्या चेहऱ्यावर तजेला आला, काका दुकानात पुन्हा गिऱ्हाइकांची थट्टा करू लागले. एका दुपारी ते कानशीनं किल्ली घासत बसले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अचानक डाव्या खांद्यावर भार आला. फार नाही, झोप अनावर झालेलं माणूस शेजारच्याच्या खांद्यावर डोकं टाकतं, तेवढा. कानाशी कोमट श्वास लागला. काकांनी मान वळवली नाही. हातातली कानस तशीच अधांतरी राहिली.

घरी आल्यावर लेकीनं सदरा पाहिला. खांद्यावर तेलाचा गोल डाग, आणि शिवणीत अडकलेला लांबसडक, काळाभोर केस. लग्नात तिच्या आईचे होते, तसे.

लेकीनं पावडरचा डबा उचलला. काकांनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"राहू दे."

"बाबा, मला भीती वाटते."

"मलाही वाटते गं," काका म्हणाले. "पण डाग काढू कसा? तिला झटकल्यासारखं होईल."

तेव्हापासून लेक आपले कपडे वेगळे भिजवते आणि स्वतः धुते. काका बाकीचं धुणं नीट करतात, फक्त सदऱ्याच्या डाव्या खांद्याला साबण लावत नाहीत. दुकानात एका अंगाला कलून बसतात. वळायचं झालं तर मान नाही, सगळं अंग वळवतात, तेही सावकाश.

"काका, मान आखडली वाटतं?" परवा एका गिऱ्हाइकानं मोठ्यानं विचारलं.

काकांनी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं. मग उजव्या हातानंच किल्ली पुढे केली, आणि आवाज होऊ नये म्हणून ती फळीवर न टाकता त्याच्या तळहातावर ठेवली.