केडगावच्या माळावरची खुंटी

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या विहिरीने तळ दाखवला, तेव्हा मी ह्यांना म्हणाले, "या वेळी मला घेऊन चला. जागा मला बघायचीय."

हे नगरला एका वर्कशॉपात फिटर होते. आठवडाभर मित्राच्या खोलीवर, रविवारी पारनेरला. मी सासू-सासऱ्यांजवळ. शहरात खोली परवडेना, आणि केडगावला शेतं मोडून प्लॉट पडताहेत असं यांच्या कानावर आलं होतं. माझं तर घरात लक्षच लागत नव्हतं.

यांनी रजा काढली आणि आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. आज तुम्ही स्वतःच्या गाडीने गेलात तर सुप्याला मोठ्या रस्त्याला लागून तासाभरात केडगाव येतं. तेव्हा सुप्याला गाडी बदलायची, आणि पुढची कधी येईल ते कुणी सांगू शकत नसे. स्टँडवर चहा घेतला, बांधून आणलेली, रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खाल्ली. हे सारखे रस्त्यावर जाऊन बघत होते. "बसा की जरा," म्हटलं, पण मलाही बसवत नव्हतं. पुढे रस्त्याकडेला दुष्काळी कामावरच्या बायका खडी फोडत होत्या. ओळखीचा चेहरा दिसतो का म्हणून मी खिडकीला चिकटून राहिले.

केडगावला उतरलो तर दुपारपाळीची माणसं सायकलच्या हँडलला डबे अडकवून नगरकडे निघालेली. गाव अजून शेतीचंच होतं, पण तरणी माणसं अशी रोज शहराकडे तोंड करून निघायची.

जागेवर पोचलो आणि दोघंही थबकलो. धोतर खोचलेले एक आजोबा प्लॉट आखलेल्या पांढऱ्या फक्कीच्या रेघेवर खुंट्या ठोकत होते, आणि त्यांच्या मागून त्यांची बायको त्या उपटत चालली होती. शेत त्यांचंच. बाईंचं नाव ठकूबाई.

"अगं, पावनं आल्यात!" आजोबा ओरडले.

"येऊ द्या. म्या हितं बाजरी पेरत हुते, त्यानला बी कळू द्या."

हे माझ्या कानाशी पुटपुटले, "चल, दुसरीकडे बघू." पण माझा पाय निघेना. मी ठकूबाईंजवळ ढेकळावर जाऊन बसले. विचारलं, "विकायचं नव्हतं का तुम्हाला?"

"पोरं कारखान्यात जात्यात. हीर आटली. कसायचं कुनी?" हातातल्या खुंटीची माती त्या बोटाने खरवडत राहिल्या. "तुमी गाव सोडून आलाव. आमी कुठंच गेलो न्हाई, तरी आमचं गाव चाल्लंय."

"मग आम्ही येऊ नये का?"

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, स्वतःच्या घराकडे वळून बघितलं आणि चार पावलं बाजूला सरकल्या. "तुमी न्हाई आलाव तर दुसरं कुनी येनारच हाय. हितं ठोक. माज्या दारातनं दिसशील."

खुंटी त्यांनी धरली, दगडाने मी ठोकली. हे आणि आजोबा नुसते बघत उभे होते.

त्या माळावर आता बंगले आहेत, दुकानं आहेत, रस्ता ओलांडायला थांबावं लागतं. केडगावला गेलात तर रेणुकामातेचं दर्शन घ्या, आणि गल्ल्यांमधून थोडं पायी फिरा. त्यातल्या कितीतरी गल्ल्या म्हणजे कुणाचे तरी बांध होते.

संध्याकाळी पारनेरला परतलो. सासूबाई चुलीपुढे होत्या. मी हातपायही न धुता सांगत सुटले: रस्ता जवळ आहे, यांना सायकलने जाता येईल, आणि घर उभं राहायच्या आधीच मला शेजारीण मिळाली.

"मिळाली व्हय? बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. भाकरी उलटली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आन हितं माज्या शेजारी कोन?"