सम्राटाचा पहारेकरी

नोय तितोंग दिसायला सुक्या मासळीसारखा होता. पण माईकसमोर उभा राहिला की त्या खपाटीला गेलेल्या पोटातून असा आवाज निघे की सेबूपासून पार पलीकडच्या बेटांपर्यंत लोक जेवता जेवता थांबत. नऊ चंद्रांचा सम्राट व्हार्कोन. तारे विझवणारा, ग्रहच्या ग्रह जाळणारा. आमच्या रेडिओ-मालिकेत तितोंग हा सम्राट होता, मी बंडखोर राजकन्या होते, आणि गरज पडली की तान्हं बाळही.

आमच्या रेडिओ स्टेशनात नट थोडे, म्हणून एकेकाला तीन-चार आवाज काढावे लागत. सम्राट तितोंग आणि सम्राटाचा पहारेकरीही तितोंगच. सम्राट गरजे, "दारं लावा." मग तितोंग मान वळवून, नाकातून, स्वतःलाच उत्तर देई, "जशी आज्ञा, महाराज."

मालक व्हालमोरेस आमची स्क्रिप्ट जेवताना वाचायचा. डुकराच्या चरबीने ओले झालेले ते कागद हातात घेताना मला शिसारी येई. बोटं चाटत तो म्हणे, "हा सम्राट हरता कामा नये. जाहिरात देणाऱ्या साबणवाल्यांना आवडतो. मलाही आवडतो." आरशासमोर तो सम्राटाची वाक्यं म्हणून बघतो, असं झाडूवाली सांगायची.

बंदराच्या धक्क्याजवळ मालकाची जमीन होती, तिच्यावर झोपड्या. एका सोमवारी त्याने तितोंगला ट्रकवर चढवलं आणि हातात कर्णा दिला. गर्दी जमावी म्हणून मलाही नेलं. पोरांनी आधी टाळ्या वाजवल्या. "जागा रिकामी करा. सम्राटाची आज्ञा आहे," तितोंग म्हणाला, आणि मोठी माणसंही हसली. मग निकासिया नावाची म्हातारी आपली भांडी बाहेर आणू लागली. हसू थांबलं. तिच्यामागून आणखी काही घरं सामान बांधू लागली.

तितोंग ट्रकच्या मागे जाऊन ओकला. मालक जीपमधून म्हणाला, "बघितलंस? पोलिसांना जमलं नाही ते. उरलेल्यांना पुढच्या सोमवारी."

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तितोंग म्हणाला, "इंदाय, याला मारलं पाहिजे."

"मालकाला?"

"मालक मेला तर त्याचा पोरगा आहे, तो आणखी हलकट. सम्राटाला म्हणतोय."

"शनिवारच्या भागात तू माझंच डोकं उडवतोस, नोय. स्क्रिप्ट आलीय."

"मी दणका देतो ना," बेर्तिंग म्हणाला. दणके, पावलं, असले नाटकातले सगळे आवाज तो काढायचा, पत्र्याने, करवंट्यांनी. "असा स्फोट करतो की चंद्रच फुटतील."

"स्फोटाला तो भीत नाही," तितोंग म्हणाला. "त्याला कशाचीच भीती नाही. तीच तर घाण आहे."

शनिवारी दुपारी लाल दिवा लागला. आमचं सगळं थेट जायचं. मी साखळदंडात होते. सम्राट गरजला, "दारं लावा. हिचं डोकं उडवा."

तितोंगने सवयीने मान वळवली, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

पहारेकरी बोललाच नाही. रेडिओवर अशी शांतता म्हणजे फाटलेलं कापड. काचेपलीकडे यंत्रावरचा माणूस उठून उभा राहिला.

"ऐकू आलं नाही?" सम्राट म्हणाला. अजून त्याच्या आवाजात हसू होतं. "कोण आहे तिकडे? अरे... तुझं नाव काय?"

इतकी वर्षं तो पहारेकरी दारं लावत होता आणि सम्राटाला त्याचं नाव माहीत नव्हतं. बेर्तिंगला ते आधी उमगलं. त्याने हातात बूट घेतले आणि वाळूच्या ट्रेमध्ये पावलं वाजवली. एका पहारेकऱ्याची, मग पुष्कळांची, लांब जाणारी. सम्राट हाका मारत राहिला. वाटेल ती नावं घेतली. मग रडला, गयावया केली. त्यात मालकाचं हसणं होतं, चरबी होती, सगळं होतं. माझ्या तोंडून निघालं, "दार उघडंच आहे." बेर्तिंगने साखळी खळकन खाली टाकली आणि मी तलवार चालवली. तितोंग सावकाश मेला, घशात घुरघुर करत, पुन्हा कोणाला जिवंत करता येऊ नये असा.

मालक गळ्यातला जेवणाचा रुमाल न काढताच धावत आला. "त्याला परत आण."

"मेला, सर. सगळ्यांनी ऐकलं."

"सोमवारी तो आवाज मला हवाय."

"घ्या की," तितोंग म्हणाला.

सोमवारी ट्रकवर त्याने खरोखर जीव तोडून तोच आवाज लावला. कपडे धूत बसलेली एक बाई वर न बघता म्हणाली, "तू तर परवा मेलास ना, नोय? भुतांनी दुपारचं ओरडू नये. पोरं दचकतात."

सगळा धक्का हसला. मालकाने कर्णा हिसकावला आणि स्वतः ओरडला, पण त्याचा आवाज चिरका, पिपाणीसारखा. कोणीतरी विचारलं, "हा कोण? हा तर नाटकात नव्हता." एकाही घराने भांडं हलवलं नाही. तितोंगची नोकरी तिथेच, ट्रकवरच गेली. झोपड्या पुढे पाडल्याच, कोर्टाचा हुकूम आणून, यंत्र लावून. पण त्याला वर्ष गेलं.

"बरं वाटलं का?" त्या सोमवारी ट्रकवरच मी त्याला विचारलं.

"नाही. निकासिया आजी माझ्या आवाजावर उठून गेली. सम्राट मेल्याचं तिला कोण सांगणार?"

तो ट्रकवरून उतरला. म्हातारी कुठल्या वाटेने गेली, ते त्या कपडे धुणाऱ्या बाईला विचारलं, आणि निघाला.