शेळीचा सा

भजनी मंडळासाठी टाळ आणायला मी मेनरोडला गेले आणि व्हायोलिन घेऊन घरी आले. वय बावन्न. दुकानदाराने सहज गज फिरवून दाखवला, याहून वेगळं कारण मला आजही सांगता येत नाही. नवऱ्याने पेटी उघडली, आत पाहिलं, बंद केली आणि विचारलं, "टाळ कुठे आहेत?"

शिकवायला एक तरुण सर दर रविवारी सिन्नरहून एसटीने यायचे. "काकू, आवाज येतोय हे महत्त्वाचं," ते म्हणायचे. "कसला येतोय ते पुढे बघू." कितीतरी आठवडे नुसता सा चालला होता. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवायचं आणि गज सरळ ओढायचा. माझा सरळ जात नसे. आधी बिजागरी करकरावी तसा आवाज निघे, मग तो वर चढे आणि कुणीतरी फार दुखावलं गेल्यासारखा मध्येच थांबे.

आमची रो-हाऊसेस मखमलाबादच्या बाजूला आहेत. मागे ओहोळ, त्याच्या पलीकडे द्राक्षबागा. नवरा अंबडहून कंपनीतून येऊन चहा पीत बसला की मी दिवेलागणीला मागच्या ओट्यावर रियाज करायचे. एके दिवशी रियाज उरकून आत आले तर सोसायटीच्या ग्रुपवर निरोप होता: "मागच्या ओहोळात बिबट्याचं पिल्लू रडत आहे. मुलांना बाहेर सोडू नये."

मी घाबरले. बिबट्या आमच्याकडे नवलाचा नाही, अधूनमधून कुणाच्या तरी अंगणातून कुत्रं जातंच. दुसऱ्या दिवशी दारं-खिडक्या लावून आतल्या खोलीत वाजवलं. निरोप आला, "पिल्लू लांब गेलेलं दिसतं." त्याच्या पुढच्या दिवशी उकाडा असह्य झाला म्हणून खिडकी उघडली. "पिल्लू परत आलं आहे."

नवऱ्याने फोन खाली ठेवला आणि बराच वेळ व्हायोलिनकडे पाहिलं.

"तुझंच आहे," तो म्हणाला.

मी तशीच उठून सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेले आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी मला आधी पाणी दिलं.

"वहिनी, व्हायोलिन आम्ही ऐकलेलं आहे. ते असं वाजत नाही."

"मी वाजवते तेव्हा असंच वाजतं."

"इतकं कमी लेखू नका हो स्वतःला."

मी म्हटलं, चला, वाजवून दाखवते. त्यावर ते म्हणाले, बिबट्या दारात असताना गाणंबजावणं बरं दिसत नाही.

मग वनखात्याची माणसं आली. त्यांच्यातला एक वनरक्षक सुरगाण्याकडचा होता. त्याला ओट्यावर बसवून मी सा लावला. त्याने टोपी काढून शेवटपर्यंत ऐकलं. "आवाज अगदी तसाच हाय, बाई," तो म्हणाला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. "पन खाली चिखलात ठसे दिसलेत. मोठ्या बिबट्याचे. पिंजरा लावावा लागंल."

रडणं आमच्याच घरामागे सर्वांत स्पष्ट ऐकू येतं, असं सगळ्यांचं मत पडल्याने पिंजरा आमच्या भिंतीला लागून बसला. त्यात जाळीने वेगळ्या केलेल्या कप्प्यात एक शेळी होती, जवळच्या वस्तीवरून आणलेली. संध्याकाळी बंद खिडकीमागे मी गज ओढला तर बाहेरून शेळीने उत्तर दिलं. मी थांबले, ती थांबली. पुन्हा ओढला, पुन्हा उत्तर.

रविवारी सरांनी हे डोळे मिटून ऐकलं. मग माझी तार किंचित उतरवली आणि शेळीशी जुळवली. "काकू, तिचा सा तुमच्यापेक्षा स्थिर आहे. तिला धरून राहा."

मी धरून राहिले. ग्रुपवर काळजी वाढली: "पिल्लू आणि शेळी एकाच वेळी ओरडत आहेत. हे चांगलं लक्षण नाही."

एका पहाटे खरोखरच बिबट्या अडकला. पूर्ण वाढलेला नर. मी गच्चीतून पाहिलं. खाली माणसं मोबाइल उंच धरून उभी होती, आणि तो कुणाकडेच न बघता धापा टाकत होता. शेळी आपल्या कप्प्यात त्याच्याकडे पाठ करून उभी होती. आधीच्या कित्येक संध्याकाळी मी उघड्या ओट्यावर याच अंधाराकडे तोंड करून बसले होते, हे लक्षात आलं आणि मी कठडा धरला.

अध्यक्षांनी खालून वर पाहिलं. "बघा वहिनी," ते म्हणाले. "आणि तुम्ही सगळं स्वतःवर ओढून घेत होतात."

एका गाडीतून बिबट्या गेला, दुसरीतून शेळी. त्या संध्याकाळी माझा सा काही केल्या बसेना. सरांनी फोनवर तानपुऱ्याचं ॲप घालून दिलं. तो सूर अचूक असतो, पण आपण चुकलो तरी तो तसाच चालू राहतो. शेळी निदान थांबायची.

शेवटी वनरक्षकाला वस्तीचा पत्ता विचारला आणि मेथीची जुडी घेऊन गेले. दारात एक बाई शेंगा निवडत होती. शेळी खुंट्याला होती. तिने सगळी मेथी खाल्ली, माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"शेळी घ्यायची का, ताई?" बाईने विचारलं.

"नाही. भेटायला आले."

बाईने शेळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शेंगांचं सूप बाजूला सरकवलं.

"मग बसा की. च्या टाकते."